नासपतीचा धूर

तीर्थरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहा अंगं टेकली असं समजावं, गुडघ्यांनी यंदापासून रजा घेतली आहे.) तुमची पाठ कशी आहे, सूनबाईंचा खोकला थांबला का, आणि ते ऐकू येण्याचं यंत्र तुम्ही कानात घालता की अजून डबीत घालून डबी खिशात ठेवता, ते कळवावं. फोनवरच विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं' या दोन शब्दांवर अख्खं बोलणं निभावून नेता आणि तिसरा शब्द लागेल असं वाटलं की फोन सूनबाईंच्या हातात देता. पत्राचं तसं नसतं. पत्र आलं की निदान घडी उलगडावी लागते, आणि एकदा उलगडली की कागदाची जात बघायला तरी तुम्ही तो उजेडात धराल, हे मला ठाऊक आहे.

इकडे आम्ही ठीक. तुमचे जावई दिवसभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासतात आणि संध्याकाळभर स्वतःचा चष्मा शोधतात. मी ग्रंथालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं शिवते. आईला वर्षभरापूर्वी आमच्याकडे आणलं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. ती तुमच्याबद्दल विचारत नाही आणि तुम्ही तिच्याबद्दल विचारत नाही, ही नऊ वर्षांची रीत मी मोडू नये. पण न विचारता सांगायला काय हरकत आहे? थंडीत तिला ताप आला. पंधरा दिवसांनी गेला, पण जाताना तिची भूक बरोबर घेऊन गेला. दोन घास खाते आणि तिसऱ्याला ताट सरकवते. बोटातली अंगठी गळून पडायला लागली म्हणून मी तिला आतून दोरा गुंडाळून दिला (माझ्या कामावरचा, मेण लावलेला, तो सुटत नाही), तर महिन्याभरात आणखी चार वेढे द्यावे लागले. डॉक्टर म्हणाले, पथ्य वगैरे विसरा, त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. डॉक्टर पथ्य विसरायला कधी सांगतात, ते तुम्हाला ठाऊक आहे, मामा. मी जिन्यात दोन मिनिटं बसून मग वर गेले.

तेव्हापासून मी तिला रोज विचारायची, काय खावंसं वाटतंय, आणि ती रोज म्हणायची, काही नाही गं. मग एका दुपारी तिच्या पांघरुणावर उन्हाचा एक चौकोन येऊन बसला होता. ती त्यावरून हात फिरवत होती, मांजरावरून फिरवावा तसा. आणि मला नव्हे, त्या उन्हालाच सांगितल्यासारखं म्हणाली, "त्या दिवशीचा मासा."

कुठल्या दिवशीचा, हे मी विचारलं नाही. आपल्याकडे 'तो दिवस' एकच आहे. तिचा पासष्टावा वाढदिवस, तुमच्या सुतारकामाच्या कारखान्यामागचं अंगण, तुमचं ते मासे धुरावण्याचं काळं पिंप आणि त्यातून निघालेले सोनेरी मासे. एरवी जेवताना बोलणारी माणसं त्या दिवशी गप्प झाली होती. आई तर डोळे मिटून चावत होती. आणि मग पाणी आणायला म्हणून ती मागे गेली आणि जळणाच्या ढिगापाशी तिला कळलं, की इतका वेळ जे जळत होतं ते सरपण नव्हतं. तो पाळणा होता. आजोबांनी दारच्या नासपतीच्या लाकडाचा केलेला, खाली दोन बाकदार पट्ट्यांवर डोलणारा, ज्यात आधी ती झोपली, मग तुम्ही, मग मी. तुम्ही एवढंच म्हणालात, "मला सरपण वाटलं, ताई." तिने ताट खाली ठेवलं, शाल अंगाभोवती गुंडाळली आणि निघून गेली. त्यानंतर तुम्हा दोघांचं बोलणं नाही. हे सगळं तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे, तरी लिहिलं. कारण इतक्या वर्षांत आपल्यापैकी कुणीच हे सलग उच्चारलेलं नाही आणि लिहून बघितल्यावर ते आठदहा वाक्यांत मावतं, याचं मला नवल वाटलं.

तर मासा. मी विचार केला, मासा बाजारात मिळतो, मीठ घरात आहे, मग उरलं काय, जळण. जळण म्हणजे लाकूड. आणि लाकूड म्हणजे लाकूड. (हे वाचून तुम्ही कपाळावर हात मारलात तो मला इथे ऐकू आला.)

पिंप नव्हतं. पण ग्रंथालयातलं फायलींचं चार खणांचं लोखंडी कपाट मोडीत निघालं होतं, ते मी मागून घेतलं. चौकीदार आणि तुमचे जावई यांनी ते गच्चीवर चढवलं (चार मजले, अकरा विसावे, आणि जावयांच्या तोंडून एक असा शब्द, जो लग्नाच्या एकवीस वर्षांत मी ऐकला नव्हता). खणांच्या तळाला भोकं पाडून घेतली, रंग जाळून टाकायला दोनदा रिकामंच पेटवलं. पितळी पट्ट्यांवर कोरलेली नावं तेवढी राहिली. त्यामुळे आमच्याकडे जाळ 'आवक'मध्ये पेटतो, धूर 'जावक'मधून वर चढतो आणि मासे 'प्रलंबित'मध्ये टांगलेले असतात. सगळ्यात वरचा खण 'अत्यंत तातडीचे' हा आहे. तो रिकामाच ठेवते, कारण तिथवर काही पोचत नाही. ग्रंथालयात असतानाही त्याचं असंच होतं म्हणतात.

पहिल्यांदा दुकानातला कोळसा आणला, छोट्या उशांसारखा दिसतो तो. एका काडीत पेटतो, असं पिशवीवर लिहिलं होतं. कशामुळे पेटतो ते लिहिलं नव्हतं. रॉकेलचा असा भपकारा आला की मीठ लावून, पुसून, वाऱ्यावर सुकवून ठेवलेले ते गरीब मासे एकदम बसस्थानकावर राहून आल्यासारखे झाले. आईने एक तुकडा नाकाशी नेला आणि विचारलं, "हा कुठून प्रवास करून आलाय?"

मग भुसा. आमच्या गल्लीच्या टोकाला कपाटं करणारं मोठं दुकान आहे, तिथून पोतंभर भुसा आणला आणि तुमची आठवण काढत ऐटीत पेटवला. दोन मिनिटांत डोळ्यांतून धारा लागल्या. कपाट बंद केलं, मासे बाहेर काढले आणि पोतं घेऊन दुकानात परत गेले. तिथल्या मिस्त्रीने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. म्हणाला, बाई, हा दाबलेल्या बोर्डाचा भुसा, यात डिंक जास्त. आम्हाला खरं लाकूड बघून सात वर्षं झाली. हे तो इतक्या उदासपणे म्हणाला की मी त्याला तुमचं नाव सांगितलं, म्हटलं, माझे मामा नुसत्या वासावरून लाकूड ओळखतात. तो म्हणाला, "असतील अजून?" मी म्हटलं, आहेत. सहाव्या मजल्यावर मुलाकडे राहतात आणि तिथे त्यांना काडेपेटीसुद्धा मागून घ्यावी लागते. मग आम्ही दोघांनी मिळून ते पोतं त्याच्या ढिगावर रिकामं केलं.

तिसऱ्यांदा फळवाल्याच्या खोक्यांच्या फळ्या. खरं लाकूड, कोरडं, फुकट! पण पाईनचं. ते राळेने भरलेलं असतं हे मला आता कळलं. मासे बाहेर आले ते काळे आणि चकचकीत, पायात घालून ऑफिसला जावेत असे. तुमचे जावई माझ्या प्रत्येक प्रयोगाचा एक घास खातात. (मी सांगत नाही, ते आपणहून खातात आणि त्यांच्या माझ्यावरच्या प्रेमाचा याहून मोठा पुरावा कुठल्या कोर्टात चालणार नाही.) त्यांनी बराच वेळ चावलं, गिळलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, पॉलिश छान बसलंय.

दरम्यान माझ्या केसांना, स्वेटरला, हातांना वास लागला आणि हातांवाटे तो पुस्तकांत गेला. एका सभासदाने तक्रार केली की समुद्रातल्या जीवांवरचं पुस्तक उघडलं की जेवणाची आठवण होते. ग्रंथपालबाईंनी मला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, आई जेवत नाही. त्यांनी त्या पुस्तकाचा वास घेतला, मिटून बाजूला ठेवलं आणि तक्रारीच्या कागदाची चौपदरी घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली.

मग आलं सफरचंद. बागेत माळी फांद्या छाटत होता, त्याच्याकडून मोळीभर मागून घेतल्या. फळझाडाचं लाकूड! मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. सकाळी सहाला गच्चीवर जाऊन 'आवक' पेटवलं आणि असा पांढरा धूर उठला मामा, की आधी टाक्या दिसेनाशा झाल्या, मग समोरची इमारत, मग माझे स्वतःचे हात. आणि खरं सांगू? मला ते फार आवडलं. कुणी हाक मारणार नाही, आपण कुणाला दिसणार नाही, अशा त्या पांढऱ्यात मी उभी होते आणि कुठूनतरी तुमच्या रंध्याचा आवाज येतोय असं वाटत होतं, ढलप्या पायांवर पडताहेत, मी सहा वर्षांची आहे आणि आई कारखान्याच्या दारातून सांगते आहे की दोघं आता हात धुवा. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग त्या ढगातून एक माणूस हेल्मेट घालून माझ्यासमोर प्रकट झाला.

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गणिताच्या बाईंनी बंब बोलावला होता. (त्यांची चादर वाळत होती. त्यांचं चुकलं नाही. चादर मात्र अजून पिवळी दिसते.) दोन जवान नळी घेऊन जिन्यात अडकले होते आणि त्यांचा मुख्य, पिकल्या मिशांचा, कपाटासमोर वाकून पट्ट्या वाचत होता. त्याने हातमोज्याने 'आवक' ओढून उघडलं, नाक आत नेलं आणि मागे वळून विचारलं, "सफरचंद?"

मी मान हलवली.

"हे गेल्या आठवड्यात झाडावर होतं, बाई. आपण मेलोय हे त्याला अजून कळलेलं नाही." मग तो आमच्या पाण्याच्या टाकीवर टेकला आणि बोलतच राहिला. अठ्ठावीस वर्षं धुरात काढलेली, बिचाऱ्याला धुराबद्दल कुणी कधी कौतुकाने विचारलंच नव्हतं. ओलं लाकूड जळत नाही, नुसतं रडतं. पांढरा दाट धूर म्हणजे पाणी आणि कडवटपणा. खायच्या कामाचा धूर निळसर, इतका पातळ असतो की पलीकडचं माणूस दिसलं पाहिजे. असा धूर त्याने जन्मात दोनतीनदाच बघितला होता आणि दर वेळी त्याला तो विझवावा लागला होता. मी विचारलं, मग कोणतं जळण वापरू? तो म्हणाला, फळझाडाचं जुनं लाकूड. चाळीस-पन्नास वर्षं घरात राहून सुकलेलं. जुनं फर्निचर मिळालं आणि त्याला पॉलिश नसेल तर सोनंच. पण पॉलिश न केलेलं फर्निचर कोण करतं, बाई?

बाळ कठडा चावतं म्हणून आजोबांनी पाळण्याला पॉलिश केलं नव्हतं. कठड्यावर दातांच्या खुणा होत्या, डावीकडे आईच्या, उजवीकडे तुमच्या. (माझ्या नाहीत. मी म्हणे दोरी चावायची. माणसाचा पुढचा धंदा असा लवकर कळतो.) जाताना त्याने माझी एका कागदावर सही घेतली. 'आगीचं कारण' या रकान्यात त्याने 'मासे' असं लिहिलं होतं.

यानंतरच्या गोष्टी लहान आहेत. गच्चीवर जाळ बंद म्हणून कढईत चहाची पत्ती, तांदूळ आणि साखर घालून झाकणाखाली धूर केला. आई म्हणाली, चहा चांगला झालाय, पण मासा कुठाय? अक्रोडाची टरफलं जाळली, ती नीट जळायच्या आधीच संपली. मग बंबवाल्याने फोन करून सांगितलं (हो, तो आता फोन करतो), मक्याची सुकी कणसं बघा, दाणे काढलेली. गणिताच्या बाईंना नवी चादर आणि धुरावलेला लसूण देऊन परवानगी काढली, कणसं मंद पेटवली आणि पहिल्यांदा 'प्रलंबित'मधून पातळसा निळा धूर निघाला. पलीकडे वाळत घातलेले कपडे त्यातून दिसत होते, पाण्याच्या तळाशी असावेत तसे. त्या दिवशी आईने चार घास खाल्ले, मामा. चार! मी मोजत नाही असं दाखवून मोजले. पाचव्याला ती थांबली, तुकडा बोटांत धरून बघत राहिली आणि म्हणाली, "जवळ आली आहेस. पण दार शेजारचं ठोठावते आहेस."

मला आता दार कुठलं ते कळलंय, पण ते उघडायला माझ्याकडे काही नाही. वखारीत नासपती मागितलं तर वखारवाला हसला. म्हणाला, ताई, नासपती लोक खायला लावतात, कापायला नाही. तेव्हा या पत्राचं कारण एवढंच, की तुम्ही मला तुमच्या अनुभवाने कळवावं: नासपतीच्या सगळ्यात जवळ जाणारं जळण कोणतं, ते किती वाळवावं, ढलप्या कराव्यात की तुकडे, आणि कणसांत काय मिसळलं तर तो वास येईल. सविस्तर लिहा. 'हं' आणि 'बरं' चालणार नाही. सूनबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची धुरकट,
भाची

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून उघडलं. (आमच्या धंद्यात हे येतं.) वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण जे लिहिलं नाही ते जास्त खरं आहे. तो पाळणा तुमच्या जळणात चुकून गेला नव्हता, मामा. मी ठेवला होता. दर वर्षी एकदा आई तो माळ्यावरून खाली उतरवायची, पुसायची, खिडकीशी ठेवायची आणि मला सांगायची, आज त्याला ऊन दाखवलं हं. बाकी काही म्हणायची नाही. एक शब्द कधी टोचून बोलली नाही. मी तिशीत आले, तिशी उलटली, डॉक्टर झाले, औषधं झाली, आणि आम्ही दोघांनी आपलं आपलं ठरवून ते सगळं थांबवलंही, पण पाळण्याला ऊन दाखवणं थांबलं नाही. त्या वाढदिवसाच्या सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी तो खाली काढला. खिळा एकही नव्हता, नुसत्या खुंट्या. हलक्या हाताने ठोकल्यावर तो न कुरकुरता सुटला. माझ्या मेणाच्या दोऱ्याने पट्ट्यांची मोळी बांधली, तुमच्या अंगणात नेऊन सरपणावर ठेवली आणि आत येऊन काकड्या चिरायला बसले. तुम्ही पिंपाशी गेलात ते मी खिडकीतून बघत होते. तुम्ही गाठ न सोडता मोळीतल्या पट्ट्या ओढून काढल्यात. कठड्याची पट्टी हातात घेतलीत, तिच्यावरून अंगठा फिरवलात आणि बराच वेळ उभे राहिलात. मग खिडकीकडे पाहिलंत. मी मान खाली घातली. मान वर केली तेव्हा पिंपाचं झाकण बंद होतं. जेवताना सगळ्यात जास्त मासे मी खाल्ले, हेही सांगून टाकते. इतकं हलकं मला त्याआधी कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आणि मग आईने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही म्हणालात, "मला सरपण वाटलं, ताई," आणि मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी उघडलं नाही, मग दुसऱ्या दिवशी उघडायला आणखी जड गेलं, आणि असं करत नऊ वर्षं झाली. जळणाची यादी नको आहे मला. मला माफ करा आणि तिला भेटायला या, एवढंच लिहायचं होतं, त्यासाठी इतकी सरपणं जाळली.

ता. क. २. पत्र टाकायला निघाले आणि पेटीपासून परत आले. तुम्हाला आधी सांगायचं आणि तिला नंतर, हे बरोबर वाटेना. वर जाऊन तिच्या पलंगाशी बसले आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे." मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, "त्याच दिवसापासून. सुताराला काय पाळण्याचं लाकूड सरपण वाटतं? तेही ज्यात तो स्वतः झोपला?" मग तू मामाशी का बोलत नाहीस, असं मी जरा चिडूनच विचारलं (नऊ वर्षं मी स्वतःला खात होते आणि हिला ठाऊक होतं!). तर म्हणाली, माझ्याशी तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता, ते पहिलं. तुझ्यासाठी बोलला म्हणून मी त्याला रागवूही शकले नाही आणि बोलूही शकले नाही. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत. मला कुणी विचारलं असतं तर मी नसते का म्हणाले, जाळा? मी म्हटलं, म्हणाली असतीस? तिने बोटातली अंगठी दोनदा फिरवली. मग म्हणाली, नाही, नसते म्हणाले. आणि हसायला लागली. मामा, ती हसली. हसता हसता म्हणाली, आणि मासा इतका चांगला कशाला करायचा? वाईट झाला असता तर मी दोन वर्षांत बोलले असते.

ता. क. ३. हे शेवटचं, पाकिटात आता जागा नाही. आज दुपारी तिने मला कपाटातली जुनी शाल काढायला लावली, तीच, वाढदिवसाची. शाल जड होती. आत पाळण्याची खालची एक बाकदार पट्टी निघाली. त्या दिवशी शालीखाली लपवून नेलेली, नऊ वर्षं जपलेली. आणि पट्टीला अजून माझा मेणाचा दोरा गुंडाळलेला होता, वर माझीच गाठ, पुस्तकाच्या शिवणीची. सुतार अशी गाठ बांधत नाही. तेव्हा तिला कसं कळलं हे तिला विचारायची वेळ माझ्यावर आली नाही. पट्टी मांडीवर ठेवून ती बराच वेळ बसली होती, उन्हाचा चौकोन सरकत सरकत तिच्यावर आला. मग म्हणाली, लिही त्याला. एवढ्यात चार माणसांचे मासे होतील का, ते विचार. कणसं खाली आणि हे वर चालेल का, तेही विचार. पेटवायला तोच लागेल, तू हात लावायचा नाहीस. करवतीने काप म्हणावं, कुऱ्हाड घालू नकोस. आणि येताना स्वेटर घालून ये म्हणावं, गच्चीवर वारा असतो, याला लहानपणापासून सर्दी होते आणि हा कुणाला सांगत नाही.

हे शेवटचं वाक्य खोड म्हणाली. मी खोडत नाही.